जहाज सुटले, देवळाचे दार मात्र बंदच

१८ सप्टेंबर २०२१ हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. महाराष्ट्रातील घराघरांत गणरायाला निरोप देण्याची तयारी चालली होती आणि तीही सलग दुसऱ्या वर्षी मिरवणुकीविना, ढोलताशाविना, सरकारी नियमावलीच्या चौकटीत. सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरातील मूर्ती दोन फुटांची, अशी मापे सरकारने ठरवून दिली होती. बहुसंख्य भाविकांनी ती निमूटपणे पाळलीही. नेमक्या त्याच शनिवारी मुंबईच्या बंदरातून ‘कॉर्डेलिया’ क्रूझचे जहाज सहलीसाठी निघाले. तरणतलाव, उपाहारगृहे, मद्यालय, नाचगाण्याचे कार्यक्रम अशी सारी सामग्री त्यावर होती. ज्या राज्यात त्या दिवशी पंढरीच्या विठोबाचे दार भाविकांना बंद होते, त्या राज्याच्या राजधानीतून हजाराहून अधिक माणसे सामावणारे विलासी जहाज दिमाखात सुटले. राज्यातील प्रार्थनास्थळे त्यानंतर १९ दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली.

महामारीच्या काळात पर्यटन जहाजे पुन्हा सुरू करावीत की नाहीत, हा वाद जगभर झाला. महाराष्ट्रात तो वेगळ्या रूपात झाला आणि अर्धवट राहिला. त्या वादाकडे मुंबईच्या बंदरावरून न पाहता पनवेल तालुक्यातील आपट्यासारख्या गावातून पाहिले, तर त्यातील मर्म अधिक स्वच्छ दिसते. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या परिसरात, पाताळगंगेच्या काठी वसलेले हे गाव. याच नदीचे पाणी पुढे धरमतरच्या खाडीवाटे मुंबईच्या समुद्राला मिळते. पनवेल-रोहे लोहमार्गावरील येथील छोटेखानी स्थानक हिंदी चित्रपटाच्या पडद्यावरून देशाला परिचित झाले. पण गावकऱ्यांच्या दृष्टीने ते पनवेलच्या बाजारपेठेकडे, महाविद्यालयाकडे, दवाखान्याकडे आणि मुंबईतील नोकरीकडे जाणारे दार आहे. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या आणि ते दार बंद झाले. पनवेलहून मुंबईकडे जाणारी उपनगरी गाडी सर्वसामान्यांना पूर्ववत मिळण्यास दीड वर्ष जावे लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती मिळाली, तीही लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांनाच.

आपट्याच्या पुढचे स्थानक जिते, त्यापुढे हमरापूर आणि पेण. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी हा सारा पट्टा प्रसिद्ध आहे. वर्षभर माती आणि रंगांत हात बुडवून बसणाऱ्या येथील कारागिराला मूर्तीची उंची चार फुटांवर आणणे म्हणजे काय, हे विचारण्याची गरज नाही. मोठ्या मूर्तींवर ज्यांचे गणित अवलंबून होते, त्यांचे गणित कोलमडले. तरीही हा कारागीर रस्त्यावर उतरून दगड मारायला गेला नाही. संकट सर्वांवर आहे, निर्बंध सर्वांना आहेत, या विश्वासावर त्याने ते सोसले. १८ सप्टेंबरच्या त्या जहाजाने जर कशाला धक्का दिला असेल, तर तो या विश्वासाला.

घटनाक्रम पुन्हा एकदा तारखांसह डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे, कारण सार्वजनिक स्मृती फार अल्पजीवी असते. ५ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यालये पन्नास टक्के क्षमतेने उघडली. देवळे बंदच राहिली. १२ ऑक्टोबरला तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिले. त्यातील भाषेवरून मोठा गदारोळ उठला आणि मूळ प्रश्न त्या गदारोळात बुडाला. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतीय जनता पक्षाने घंटानाद आंदोलन केले होते. त्याच महिन्यात पर्युषण पर्वासाठी मुंबईतील तीन जैन मंदिरे उघडण्यास परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाने, आर्थिक व्यवहार जेथे आहेत तेथे सरकार धोका पत्करावयास तयार असते, धर्माचा विषय आला की मात्र त्याला करोना आठवतो, अशा आशयाची टिप्पणी केली होती. अखेर १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ती पुन्हा बंद झाली आणि त्याबद्दल कोणत्याही विचारी माणसाने तक्रार केली नाही. त्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूसाठी आणि स्मशानातील जागेसाठी लागलेल्या रांगा सर्वांनीच पाहिल्या होत्या. प्रश्न बंद करण्याचा नव्हता. प्रश्न उघडण्याच्या क्रमाचा होता.

लाट ओसरल्यावर काय काय उघडले आणि कोणत्या क्रमाने? दुकाने उघडली, मद्यालये उघडली, १५ ऑगस्टनंतर उपाहारगृहांच्या वेळा वाढल्या, व्यापारी संकुले उघडली. १८ सप्टेंबरला जहाज निघाले. शहरांतील आठवी ते बारावीचे आणि ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरू लागले. देवळे ७ ऑक्टोबरला उघडली. नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला. पहिलीच्या मुलाला शाळेचे तोंड पाहण्यासाठी डिसेंबर उजाडला. म्हणजे जलविहाराला निघालेला पर्यटक आधी, मग विद्यार्थी, मग भाविक, मग नाट्यकर्मी आणि सर्वांत शेवटी अक्षरे गिरवणारे मूल! एखाद्या राज्यव्यवस्थेला कोणती गोष्ट आवश्यक वाटते आणि कोणती थांबवून ठेवता येण्याजोगी वाटते, हे तिच्या जाहीरनाम्यांपेक्षा अशा क्रमातून अधिक नेमके कळते.

अर्थात, दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सणांतील गर्दीबाबत राज्य सरकारची भीती निराधार नव्हती. ऑगस्ट २०२१ अखेरीस केंद्रीय आरोग्य सचिवांनीही दहीहंडी आणि गणेशोत्सवातील गर्दीबाबत महाराष्ट्राला सावध केले होते. वारकरी संप्रदायाने तर समंजसपणाचा धडाच घालून दिला. शतकांची पायी वारी खंडित करून २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरीला गेल्या. २०२१ मध्ये मानाच्या दहा पालख्यांना प्रत्येकी दोन बस आणि मोजके वारकरी, इतकीच मुभा होती. ज्या समाजाने आपल्या सर्वांत प्रिय परंपरेला अशी मुरड घातली, तो बेजबाबदार होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. असा समाज सवलत मागत नव्हता. आपल्याला लावलेले मोजमाप इतरांनाही लावले जावे, एवढेच तो मागत होता.

जहाजाच्या बाजूनेही एक रास्त मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. पर्यटन जहाज म्हणजे केवळ श्रीमंतांची मौज नव्हे. त्याच्या खालच्या मजल्यांवर स्वयंपाकी, वाढपी, सफाई कामगार, यंत्र सांभाळणारे खलाशी असतात आणि जगभरच्या जहाजांवर त्यांत भारतीयांची, विशेषतः गोवा-कोकण किनाऱ्यावरील तरुणांची संख्या लक्षणीय आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात अडकवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी १३८ भारतीय आणि त्या भारतीयांत प्रवासी होते अवघे सहा. उरलेले १३२ जण जहाजावरचे कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांना जेवणाची ताटे पोहोचवण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागत होते. जहाजावरील ७१२ जण बाधित झाले, म्हणजे साधारण पाचातील एक. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विशेष विमानाने ११९ भारतीयांना मायदेशी आणले.

पुढे एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या पर्यटन जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात येऊन थांबले. घर डोळ्यांसमोर आणि पाय ठेवण्यास परवानगी नाही, अशी त्यांची अवस्था झाली. केंद्रीय गृहमंत्रालयाने नाविकांसाठी कार्यपद्धती जाहीर केल्यानंतरच ते मुंबईत उतरू शकले. भारतीय मालकीच्या जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ जहाज २०१९ मध्ये मोठ्या आशेने मुंबईत आले होते; महामारीने कंपनी बुडाली आणि २०२० च्या अखेरीस ते जहाज तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्यावर गेले. अशा एका जहाजामागे किती चुली असतात, याचा विचार केला म्हणजे क्रूझ बंदच ठेवा, ही मागणी वाटते तितकी सोपी राहत नाही. मूर्तिकाराची चूल आणि खलाशाची चूल यांत पंक्तिभेद करण्याचे कारण नाही.

मग कसोटी कोणती? ती शोधण्यासाठी जगाचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. १९ मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात ‘रुबी प्रिन्सेस’ जहाज लागले आणि अडीच हजारांहून अधिक प्रवासी कोणत्याही अडकाठीविना शहरात पसरले. त्या एका जहाजाशी जोडलेल्या संसर्गात २८ जणांचे प्राण गेले. त्या देशाने काय केले? विशेष चौकशी आयोग नेमला, पाच महिन्यांत अहवाल आला, आरोग्य खात्याच्या गंभीर चुका नाव घेऊन जनतेसमोर ठेवल्या गेल्या आणि पर्यटन जहाजांवरील बंदी थेट एप्रिल २०२२ पर्यंत कायम राहिली. अमेरिकेत चित्र वेगळे दिसले. तेथे मार्च २०२० मध्ये जहाजांना मनाई झाली, ऑक्टोबर अखेरीस अटींसह मुभा देण्याची पद्धत आली आणि एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडा राज्याने केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. राज्याचे म्हणणे, जहाजे सुरू करा. आणि त्याच राज्याचा कायदा म्हणतो, प्रवाशाकडे लशीचे प्रमाणपत्र मागू नका! अखेर एका जहाज कंपनीलाच, आम्हाला लस विचारू द्या, म्हणून न्यायालयात जावे लागले. राजकारण शास्त्राच्या पुढे धावू लागले की कसा पेच होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. या दोन्ही देशांत वाद झाला तो अटींवर, अधिकारांवर आणि उत्तरदायित्वावर. महाराष्ट्रात तो कशावर झाला?

येथे २ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवावी. अमली पदार्थविरोधी पथकाने त्याच जहाजावर छापा घातला. एका अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली आणि पुढील कित्येक आठवडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दुसरा विषय उरला नाही. पुढे मे २०२२ मध्ये त्या तरुणावर आरोपपत्र ठेवण्याइतका पुरावा नसल्याचे तपास यंत्रणेनेच सांगितले. त्या प्रकरणाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते एका दुर्लक्षित मुद्द्याचे. तत्कालीन मंत्री नवाब मलिक यांनी त्या वेळी असा आक्षेप घेतला की, जहाजावरील कार्यक्रमासाठी राज्याची परवानगी घेतलीच नव्हती; परवानगी होती ती केंद्राच्या अखत्यारीतील नौवहन महासंचालनालयाची. हा आक्षेप राजकीय हेतूने घेतला गेला, हे उघड आहे. परंतु त्यातून जो प्रश्न निघतो, तो राजकीय नाही. धक्क्यावरची माणसे राज्याच्या आरोग्य नियमांखाली आणि जहाजावर पाऊल ठेवताच ती केंद्राच्या नियमांखाली, अशी वाटणी असेल, तर त्या माणसांसोबत जहाजावर चढणाऱ्या आणि परत उतरणाऱ्या विषाणूला जबाबदार कोण? ज्या सरकारने देवळांना कुलपे लावली, त्याचे मंत्री जहाज आपल्या अखत्यारीत नाही म्हणतात. ज्यांच्या अखत्यारीत ते आहे, त्यांना शहरातील रुग्णालयांची चिंता वाहावी लागत नाही. कोणाचाच पायपोस कोणाच्या पायात नाही, तो असा.

येथे आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. राज्यातील आघाडी सरकारवर बोट रोखताना उरलेली तीन बोटे कोणाकडे वळतात, हेही पाहिले पाहिजे. त्या जहाजाच्या सहलींसाठी भागीदारी केली होती ती आयआरसीटीसी या केंद्र सरकारच्याच उपक्रमाने. शेजारच्या गोव्यात भाजपचे सरकार असताना २० सप्टेंबर २०२१ पासून कसिनो सुरू झाले. देवळांसाठी शंखनाद करणाऱ्यांनी त्या दोन निर्णयांबद्दलही तितक्याच मोठ्या आवाजात विचारणा केली असती, तर त्या शंखनादाचे नैतिक बळ वाढले असते. तत्त्व एकच असेल, तर ते आपल्यांनाही लागू होते. संघटित समाजाची शक्ती विरोधकाला खिंडीत गाठण्यात जितकी असते, त्याहून अधिक स्वकीयांना चार शब्द सुनावण्यात असते.

आणि मग जानेवारी २०२२ आले. नववर्षाच्या स्वागतासाठी हेच जहाज सुमारे दोन हजार माणसांना घेऊन मुंबईहून गोव्याला गेले. लसीकरण आणि चाचणीच्या अटी होत्या, कागदपत्रे ठीक होती. तरी एक कर्मचारी बाधित आढळला, सर्वांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. मुरगाव बंदरात जहाज खोळंबले, प्रवाशांना शहरात उतरू देण्यास गोवा सरकारने नकार दिला आणि जहाज मुंबईला परतले. मुंबईत पुन्हा तपासण्या झाल्या, तेव्हा आणखी शंभराहून अधिक बाधित सापडले. ओमायक्रॉनची ती लाट सुदैवाने सौम्य निघाली. ती दुसऱ्या लाटेसारखी असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. एक मात्र त्यातून सिद्ध झाले. प्रमाणपत्रांची फाईल विषाणूला अडवत नाही. बंदिस्त जागा, दीर्घ सहवास आणि सामाईक हवा जेथे आहे, तेथे धोका अधिक आहे, मग ती जागा कितीही आलिशान असो.

हीच ती कसोटी. जागा बंदिस्त आहे की मोकळी, सहवास किती वेळाचा आहे, आणि ती गोष्ट आवश्यक आहे की ऐच्छिक, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणाला सारख्याच कठोरपणे विचारले जावेत. या कसोटीवर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आधी सुरू होणे योग्यच ठरते. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा टाळेबंदीत थांबली आणि ऑगस्टमध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर पुन्हा सुरू झाली. प्रवास तासाभराचा, जागा मोकळी आणि रायगडच्या माणसाची खरीखुरी गरज. याच कसोटीवर उघड्या प्रांगणातील कळसदर्शन, नदीकाठचा घाट, मोकळ्या मैदानातील शाळा यांना जहाजाच्या आधी मुभा मिळायला हवी होती. आणि याच कसोटीवर एखाद्या प्राचीन देवळाचा अरुंद, खिडकीविरहित गाभारा काही काळ बंद ठेवावा लागला असता, हेही श्रद्धाळू मनाने मान्य केले पाहिजे. मोजमाप एकच असले की निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो पचतो. मोजमापच नसले की बाजूने लागलेला निकालही कृपेसारखा वाटतो, हक्कासारखा नाही.

समुद्रमार्गे येणाऱ्या रोगाशी मुंबईची ओळख नवी नाही. १८९६ मध्ये प्लेगने मांडवी भागात पाय रोवले. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा. त्यात बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या तपासणीची तरतूद होती. त्या कायद्याच्या आधारे पुण्यात घरांत घुसून झडत्या झाल्या, देवघरे विटाळली गेली, स्त्रियांची विटंबना झाली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीमागे हा संताप होता. याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. रोगाशी लढावे कसे आणि लोकांशी वागू नये कसे, हे दोन्ही धडे महाराष्ट्राला त्या एकाच वर्षाने दिले. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईच्या गोदीत उतरली आणि रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव पोहोचली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. बंदरात उतरलेली साथ बंदरात राहत नाही. ती आपट्यासारख्या छोट्या स्थानकांवरही उतरते, हे तेव्हाच कळून चुकले होते.

आश्चर्य हे की, २०२० मध्येही देशाने याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देणारी दुरुस्ती त्यात झाली, ती आवश्यकच होती. पण निर्बंध कोणत्या निकषांवर लादायचे, किती काळासाठी, उठवायचे कोणत्या क्रमाने, केंद्राचा अधिकार कोठे संपतो आणि राज्याचा कोठे सुरू होतो, यांपैकी कशाचेही उत्तर त्या कायद्यात नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात या उणिवांवर बोट ठेवून कायद्यात व्यापक बदल करण्याची किंवा नवा कायदा करण्याची शिफारस केली. असे अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नसतात.

हा प्रश्न जुना झाला, असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत’ अभियानाची घोषणा मुंबईत झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेल तालुक्यातच नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जगाचे दार आता आपट्यापासून काही मैलांवर येऊन ठेपले आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे. सागरी पराक्रमाचा वारसा सांगणाऱ्या कोकणाने समुद्राकडे पाठ फिरवून चालणार नाही. पण दार जितके मोठे, तितका उंबरठा भक्कम हवा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणारच नाही, असेही कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आजच, शांततेच्या काळात, काही गोष्टी कायद्याने निश्चित झाल्या पाहिजेत. निर्बंध उठवण्याचा क्रम कोणत्या शास्त्रीय निकषांवर ठरला, हे सरकारने लेखी जाहीर करावे. प्रत्येक निर्बंधाला मुदत असावी आणि मुदत वाढवायची असेल तर विधिमंडळासमोर कारण द्यावे. बंदरात येणाऱ्या जहाजाबाबत केंद्र आणि राज्य यांचा एकच संयुक्त, नावानिशी उत्तरदायी अधिकारी असावा. जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या विलगीकरणाची, उपचारांची आणि वेतनाची हमी प्रवास सुरू करण्यापूर्वी घेतली जावी. आणि मुलांच्या शाळा मनोरंजनाच्या आधी उघडतील, एवढे तरी वचन प्रत्येक पक्षाने द्यावे. साथीच्या काळात घरोघरी शिधा पोहोचवणाऱ्या, रुग्णांसाठी धावाधाव करणाऱ्या कार्यकर्त्यांना लोकांचे मन ठाऊक आहे. गावोगावच्या या अनुभवाची नोंद करून ती आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोण करू शकेल?

२०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला आला. देवळे उघडून आठवडा झाला होता. त्या संध्याकाळी गावोगाव आपट्याची पाने वाटली गेली. सोने म्हणून दिल्या जाणाऱ्या त्या पानाची किंमत देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरत नाही. वाड्यातले पान आणि झोपडीतले पान सारख्याच मोलाचे मानले जाते. राज्यकर्त्यांचा नियमही असाच असायला हवा. जहाजाच्या डेकवर उभ्या असलेल्याला आणि आपट्याच्या फलाटावर उभ्या असलेल्याला तो एकच वाटला, तर पुढच्या संकटात लोक पुन्हा मूर्तीची उंची कमी करतील, वारीही थांबवतील. नाही वाटला, तर त्यांनी ते का करावे, याचे उत्तर सरकारपाशी असणार नाही.